घरी ब्लॅक अँड व्हाइट रोल धुवायचाय? आधी टँकचा साइझ बघा

मामाचा नाहीतर आजोबांचा जुना कॅमेरा कपाटातून काढून पणजीतल्या फोंतेय्नशच्या गल्ल्यांत रोल मारून येणारी बरीच मंडळी हल्ली भेटतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, आता हा रोल धुवायचा कुठे? कुरिअरने बाहेर पाठवला की पैसे जातात, दिवस जातात आणि पावसात पार्सल भिजेल की काय ही धाकधूक वेगळीच. कलर असेल तर ठीक आहे, पाठवा. पण ब्लॅक अँड व्हाइट असेल तर सरळ घरी धुवा, डार्करूम लागत नाही, लाल दिवा लागत नाही (लाल दिवा प्रिंटसाठी असतो, फिल्मला तो पण चालत नाही), एक टँक, तीन केमिकल (चित्र उमटवणारा डेव्हलपर, त्याला थांबवणारा स्टॉप आणि चित्र पक्कं करणारा फिक्सर), थर्मामीटर आणि न्हाणीघर एवढ्यावर काम होतं.

नवीन माणूस डेव्हलपर कुठला घेऊ यावर आठवडा घालवतो आणि टँक मात्र मिळेल तो उचलतो. माझं मत उलटं आहे. टँक केवढा आहे त्यावर पुढचं जवळपास सगळं ठरतं, किती पातळ डेव्हलपर चालेल, टेम्परेचर टिकेल की नाही, एका फिल्मला किती खर्च येईल, सगळं. म्हणून सुरुवात टँकपासून.

टँक म्हणजे काळा डबा, त्यात रील (फिल्म गुंडाळायची खाचांची चकती), मधे एक पोकळ नळी आणि वर फनेलसारखं झाकण. फिल्म अंधारात रीलवर चढवून झाकण बसवलं की मग लाइट लावा, कारण झाकणातून पाणी आत जातं पण उजेड जात नाही. हे सगळं त्या मधल्या नळीवर अवलंबून असतं बरं का. नळी न घालता नुसतं रील टाकून झाकण लावलं तर फनेलमधून सरळ उजेड आत आणि रोल काळाठिक्कर. चेंजिंग बॅगमध्ये (उजेड न शिरणारी, हात घालायला बाह्या असलेली पिशवी) हात घालण्याआधी मोजून बघायचं, डबा, नळी, रील, झाकण, कात्री, रोल. सगळं आत आहे ना, मगच चेन लावायची.

आता साइझ. पॅटरसनच्या प्लास्टिक टँकच्या बुडाला लिहिलेलंच असतं, ३५ एमएमच्या एका रीलला २९० मिली, १२० च्या (जास्त रुंद फिल्मच्या) एका रीलला ५०० मिली. म्हणजे सगळ्यात छोटा टँक एका ३५ एमएमचा. त्याच्या वरचा, जो बहुतेक लोक घेतात आणि तुम्ही पण तोच घ्या, त्यात ३५ एमएमच्या दोन किंवा १२० ची एक फिल्म बसते, ६०० मिलीच्या आसपास केमिकल लागतं. मग तीन रीलचा, त्यात १२० च्या दोन जातात, लिटरभर लागतं, आणि पाच रीलचा, त्यात १२० च्या तीन, दीड लिटर. स्टीलचे टँक असतात त्यांना कमी लागतं, एका ३५ एमएमला साधारण २४०-२५० मिली. बाकी कंपन्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे असतात, तर डब्यावर काय लिहिलंय ते बघा, आणि डबा सेकंडहँड असून आकडा पुसला गेला असेल तर रिकामं रील आत ठेवून ते पूर्ण बुडेपर्यंत पाणी ओता, मग ते पाणी मोजा, झालं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण सगळे इथेच अडकतात. रील बुडालं म्हणजे डेव्हलपर पुरला असं नाही. फिल्म डेव्हलप होते ती पाण्याने नाही, त्यातल्या केमिकलने, आणि एका फिल्मला ठरावीक केमिकल लागतंच, मग तुम्ही ते कितीही पाण्यात मिसळा. आयडी-११ या इलफोर्ड कंपनीच्या पावडर डेव्हलपरचं उदाहरण घ्या (पावडर पाण्यात विरघळवून जो मूळ डेव्हलपर होतो तो स्टॉक, आणि १+१ म्हणजे एक भाग स्टॉक, एक भाग पाणी). इलफोर्ड म्हणतं एक लिटर स्टॉकमध्ये ३६ फोटोंचे १० रोल होतात, म्हणजे एका रोलला १०० मिली स्टॉक. छोट्या टँकमध्ये १+१ केलं तर २९० मधले १४५ स्टॉक, मस्त. १+३ केलं की फक्त ७२-७३ मिली, कमी पडलं. रील बुडलेलं आहे, टाइम बरोबर आहे, टेम्परेचर बरोबर आहे आणि तरी निगेटिव्ह फिक्कट. मग १+३ करायचंय तर काय करायचं, तर दोन रीलचा टँक घ्यायचा, खाली फिल्मवालं रील, वर रिकामं रील, आणि ६०० मिली पूर्ण भरायचं. १५० स्टॉक गेला, प्रश्न मिटला.

कोडॅक पण आपल्या डी-७६ डेव्हलपरबद्दल हेच वेगळ्या शब्दांत सांगतं, १+१ करून एक रोल ४७३ मिलीत धुतला तर चार्टवरचा टाइम घ्या, तोच रोल २३७ मिलीच्या छोट्या टँकमध्ये धुतला तर टाइम १० टक्के वाढवा. फिल्म तीच, डेव्हलपर तोच, डायल्यूशन (पाण्याचं प्रमाण) तेच, फक्त टँक बदलला की टाइम बदलतो. स्टीलच्या छोट्या टँकवाल्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

रोडिनाल या घट्ट लिक्विड डेव्हलपरला तर हे आणखी लागू. १+५० ला २९० मिलीत साडेपाच-पावणेसहा मिली रोडिनाल जातं, चालतं. १+१०० केलं की तीन मिलीसुद्धा नाही, तिथे परत ६०० चा टँक आणि वर रिकामं रील. आणि एवढं थोडं मोजायला मेजरिंग जग कामाचा नाही, फार्मसीतून ५ आणि १० मिलीची सिरिंज आणा.

मग छोटा टँक घ्यायचाच नाही का? घ्या की, महिन्याला एखादाच रोल मारत असाल आणि स्टॉक किंवा १+१ वर राहणार असाल तर केमिकल वाचतं. पण एकच टँक घ्यायचा तर दोन रीलचा. १२० चा कॅमेरा आज नसला तरी उद्या कुणीतरी गळ्यात मारणारच आहे.

डेव्हलपर कुठला, तर थोडक्यात. सारखे रोल होत असतील तर आयडी-११ किंवा डी-७६, पावडर येते, दोन्ही एकमेकांच्या अगदी जवळचे, डी-७६ तर १९२७ पासून चालू आहे. लिटरभर स्टॉक करून काठोकाठ भरलेल्या बाटलीत ठेवला तर सहा महिने धरतात, अर्धी बाटली हवा असेल तर त्यापेक्षा खूप लवकर जातो, आणि आपल्या उन्हाळ्यात कपाटात बाटली तापत राहिली तर अजून लवकर. दोन-तीन महिन्यांतून एकदा धुणार असाल तर रोडिनाल किंवा एचसी-११० सारखं घट्ट लिक्विड घ्या, लागेल तेवढं काढा, वापरा, फेका. पावडर मिसळताना खिडकी उघडी, तोंडाला मास्क, हातात ग्लव्ह्ज, यातल्या मेटॉल नावाच्या केमिकलने काहींच्या कातडीला चांगलाच त्रास होतो. आणि गोव्यात रिकाम्या बाटल्यांना तोटा नाही हे मान्य, पण फेणीच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत केमिकल भरून ठेवू नका, घरात पोरं असतात, पाहुणे असतात, आणि पाहुणे कपाटं उघडतात. वेगळ्या बाटल्या, वर मोठ्या अक्षरात नाव आणि तारीख.

आता गोव्याचा खरा प्रॉब्लेम, म्हणजे उकाडा. सगळे चार्ट २० डिग्रीचे. आपल्या नळाला २० डिग्री कधी येतं? डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थोडं जवळपास जाईल, बाकी वर्षभर २७-२८ धरून चाला आणि मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजेल असं. तशाच पाण्यात धुतलं तर काय होतं? डेव्हलपर गरम असला की वेगाने काम करतो. इलफोर्डच्या एचपी५ प्लस फिल्मला आयडी-११ स्टॉकमध्ये २० डिग्रीला साडेसात मिनिटं आहेत, ती २८ ला साडेतीन-चारवर येतात, आणि पाच मिनिटांच्या खाली गेलं की डेव्हलपमेंट एकसारखी होत नाही, आभाळात डाग-पट्टे दिसतात. ओतायलाच दहा सेकंद लागतात, चार मिनिटांत दहा सेकंद म्हणजे थोडे नाहीत.

बरेच जण यावर बर्फ आणून २० वरच हट्ट धरतात. मी म्हणतो २४ वर करा. कारण नुसता डेव्हलपर थंड करून भागत नाही, स्टॉप, फिक्सर आणि धुण्याचं पाणी पण त्याच्या जवळपास लागतं, इलफोर्डचा नियम आहे की धुण्याचं पाणी प्रोसेसच्या ५ डिग्रीच्या आत असावं. २० वर केलं तर नळाचं २८ चं पाणी बाद, म्हणजे तेही थंड करत बसा. २४ वर केलं तर नळाचं पाणी तसंच चालून जातं. आणि टाइम लांब राहावा म्हणून स्टॉकऐवजी १+१ वापरा. एचपी५ प्लस १+१ ला २० डिग्रीवर १३ मिनिटं, २४ वर साधारण ९. त्यांच्याच एफपी४ प्लस फिल्मला ११ मिनिटं, ती साडेसात-आठवर येतात. फिल्मसोबत येणारा किंवा कंपनीचा टेम्परेचर चार्ट असतो, तो बघून पक्का आकडा घ्या, अंदाजाने नको.

२४ आणायचं कसं, तर फ्रिज. १+१ मध्ये अर्धा स्टॉक, अर्धं पाणी. स्टॉक रूम टेम्परेचरला २९ असेल तर पाणी १९ चं पाहिजे, (२९ + १९) भागिले २, २४. फ्रिजमधलं पाणी नळाच्या पाण्यात थोडं थोडं मिसळून १९ करायचं, मग स्टॉकमध्ये ओतायचं आणि परत थर्मामीटर घालून बघायचं. एक बालदी २४ च्या पाण्याने भरून घ्या, त्यात डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर तिन्हीचे जग उभे करा, आणि फिल्म घातलेला बंद टँक पण त्यातच पाच मिनिटं ठेवा कारण ३० डिग्रीच्या प्लास्टिकमध्ये २४ चा डेव्हलपर ओतला की तो दोन मिनिटांत वर सरकतो. बालदीला बर्फ लागला तर पिशवीत बांधून टाका, केमिकलमध्ये नको. इथे परत साइझ आला बघा, २९० मिली पटकन तापतं, ६०० सावकाश, लिटर तर आणखी सावकाश. स्टीलचा टँक तर हाताच्या उबेने पण तापतो, पण तोच बालदीत ठेवला की लगेच थंडही होतो. उन्हाळ्यात पहाटे पोदेराच्या (पाववाल्याच्या) पों-पोंच्या वेळी काम उरकावं नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर.

रील चढवणं. हे एकच काम असं आहे की ज्यात वाचून काही होत नाही, एक रोल वाया घालवायला ठेवा आणि उजेडात बघत चढवा, मग डोळे मिटून, मग बॅगेत. ३५ एमएमचं टोक सरळ कापायचं, दोन्ही कोपरे किंचित गोल करायचे, रीलच्या तोंडात सरकवायचं आणि दोन्ही बाजू आलटून पालटून पुढे-मागे फिरवायच्या. कॅमेऱ्यात रिवाइंड करताना टोक बाहेर ठेवता आलं तर सोन्याहून पिवळं, पहिली दोन बोटं फिल्म उजेडातच रीलमध्ये अडकवता येते. टोक आत गेलं असेल तर डबी बॉटल ओपनरने उघडते, आणि ओपनर नाही असं घर दाखवा मला.

पावसाळ्यात प्लास्टिक रील म्हणजे डोकेदुखी. वर्षाला ३००० मिलीमीटर पाऊस पडतो तिथे काहीच पूर्ण कोरडं नसतं, रीलच्या तोंडाशी ज्या बारीक गोळ्या असतात त्या किंचित जरी ओल्या असल्या तरी फिल्म अर्ध्यावर चिकटते, वर बॅगेत तुमचे हात घामाने डबडबलेले. रील आदल्या दिवशी जुन्या टूथब्रशने घासून पूर्ण वाळवा, एसी असेल तर त्या खोलीत चढवा, बॅगेऐवजी रात्री खिडक्या नसलेली खोली किंवा मोठं कपाट मिळालं तर जास्त बरं कारण घाम कमी येतो. अडकलीच तर जोर लावू नका. फिल्म सोडवून टँकमध्ये टाका, नळी घालून झाकण लावा, हात बाहेर काढा, पुसा, पंख्याखाली बसा, चहा प्या, मग परत. झाकण बंद आहे तोवर फिल्मला काही घाई नाही. १२० ची फिल्म रुंद आणि लुसलुशीत, तिला जोर दिला की चंद्रकोरीसारखे काळे डाग पडतात, ती हलक्या हाताने, आणि मागच्या कागदावर चिकटपट्टी नसलेलं टोक आधी येतं तिथूनच सुरू करा.

आता प्रत्यक्ष धुणं. डेव्हलपर ओता, टँक थोडा तिरका धरला की भराभर जातो, ओतून झालं की घड्याळ चालू. फनेलवरचं बाहेरचं झाकण लावून पहिल्या दहा सेकंदांत चारदा उलटा-सुलटा करा, मग ओट्यावर दोनदा ठोका म्हणजे बुडबुडे सुटतात. नंतर दर मिनिटाच्या सुरुवातीला परत चारदा, मधे बालदीत. ही इलफोर्डची पद्धत. कोडॅक दर ३० सेकंदांनी सांगतं. कुठलीही घ्या, पण दर वेळी तीच ठेवा. कॉकटेल शेकरसारखं जोरजोरात हलवू नका, ३५ एमएममध्ये भोकांच्या शेजारी पट्टे येतात.

वेळ संपायच्या दहा सेकंद आधी ओतायला सुरुवात. मग स्टॉप, अर्धा मिनिट, नाहीतर नुसतं पाणी भरून हलवून दोनदा फेकलं तरी निभावतं. मग फिक्सर. रॅपिड फिक्सर १+४ असेल तर पाच मिनिटं, जुन्या पद्धतीचा साधा हायपो असेल तर दहा. फिक्सर जिवंत आहे का हे बघायला कापलेलं टोक उजेडातच त्यात टाका, जितक्या वेळात ते पारदर्शक होईल त्याच्या दुप्पट वेळ फिल्मला द्या. डेव्हलपर एकदा वापरून फेकायचा, फिक्सर परत बाटलीत. रॅपिड फिक्सरच्या एक लिटरमध्ये साधारण २४ रोल होतात, बाटलीवर रेघा मारत जा.

दोन रीलच्या टँकमध्ये एकच रोल धुताना दोन पर्याय असतात. एक, फक्त २९० मिली भरायचं. मग रील नळीवर क्लिपने तळाला घट्ट बसलेलं पाहिजे, नाहीतर उलटं केल्यावर ते वर सरकतं, खाली येतच नाही, आणि अख्ख्या रोलभर प्रत्येक फोटोची वरची कड फिक्कट. शिवाय वर रिकामी जागा असल्याने फेस खूप होतो. दुसरा पर्याय वर सांगितला तोच, रिकामं रील आणि पूर्ण भरणा, मला हाच आवडतो, १५० मिली स्टॉक जास्त गेला तर जाऊ दे. पण पूर्ण म्हणजे गळ्यापर्यंत नाही, थोडी हवा आत राहिली तरच उलटं केल्यावर केमिकल घुसळतं.

मोठ्या टँकचं तंत्र थोडं वेगळं. शिगमो किंवा सांजांवसारखा सण झाला की चार-पाच रोल एकदम जमतात आणि वाटतं एकाच दमात पाच रील लावू. लावा, पण आधी दोन रीलच्या टँकवर हात बसू द्या कारण इथे चुकलं तर अख्खा शिगमो गेला. दीड लिटर ओतायला बराच वेळ जातो, तळाचं रील आधी भिजतं आणि वरचं शेवटी, म्हणून ओतताना थांबायचं नाही, आणि जितका वेळ भरायला लागतो तितकाच आधी रिकामा करायला लागायचं, म्हणजे सगळ्यांचा हिशोब बरोबर राहतो. आधी नुसतं पाणी ओतून घड्याळ लावून बघा. उलटा करायला पण टँक जड असतो, दहा सेकंदांत चारदा होत नसेल तर तीनदा करा, पण पूर्ण उलटा करा, नुसता हलवू नका. लांब टाइमचा डेव्हलपर इथे जास्तच महत्त्वाचा, १+१ पेक्षा घट्ट करू नका. आणि वेगवेगळ्या फिल्म एकत्र घालू नका, एचपी५ आणि एफपी४ चे टाइम एक नाहीत हे वर आलंच आहे.

फिक्स झाल्यावर झाकण उघडून बघू शकता, सगळ्यांना तेच पाहिजे असतं. धुण्यासाठी तासभर नळ सोडायची गरज नाही, आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या वाड्यावर तर ते करूच नये. हार्डनर (फिल्मचा थर कडक करणारं केमिकल) नसलेला फिक्सर असेल तर टँक भरा, ५ वेळा उलटा, फेका. भरा, १० वेळा, फेका. भरा, २० वेळा, फेका. तीन टँक पाण्यात काम झालं. विहिरीचं पाणी वापरत असाल तर पावसात ते तांबूस येतं, ते गाळून घ्या. शेवटचं बुडवणं मात्र बॅटरीवाल्याकडे मिळतं त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये, त्यात वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग न पडू देणाऱ्या लिक्विडचे) थेंब, इलफोटॉल असेल तर १+२००, म्हणजे छोट्या टँकला दीड मिली. फेस आला तर जास्त झालं.

वाळत घालायचं न्हाणीघरात, खिडकी बंद, खाली कपड्यांचे दोन चिमटे वजनाला. पंखा थेट मारू नका, लाल धूळ ओल्या फिल्मवर बसली की ती निघत नाही. पावसाळ्यात सकाळी लावलेली संध्याकाळी पण चिकट लागते, तेव्हा एसीच्या खोलीत टांगा, एसी हवेतलं पाणी ओढतो. पूर्ण वाळल्याशिवाय स्लीव्हमध्ये (निगेटिव्हच्या पारदर्शक पाकिटात) घालू नका, आणि स्लीव्ह ठेवायचे ते घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत, उघड्या कपाटात ठेवलेल्या निगेटिव्हला एका पावसाळ्यात बुरशी लागते.

संपलेला फिक्सर परसात ओतू नका. त्यात चांदी असते आणि आपल्याकडे दहा पावलांवर विहीर असते, शेजाऱ्याची तरी. कॅनमध्ये साठवा. जुन्या फिल्मवाल्या एक्स-रेचं काम चालतं तिथे चांदीसाठी फिक्सर नेणारे असतात, विचारून बघा. ते नाही जमलं तर त्यात स्टील वूल टाकून काही दिवस ठेवलं की चांदी खाली बसते.

निगेटिव्ह वाळल्यावर काही बिघडलेलं दिसलं तर आधी कडेचे नंबर बघा. फोटो नाहीत पण कडेचे नंबर आणि फिल्मचं नाव ठळक आहे, म्हणजे तुमचं धुणं बरोबर झालंय, कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकलीच नाही नाहीतर शटर उघडलं नाही. नंबर पण नाहीत आणि सगळी फिल्म काचेसारखी, तर डेव्हलपर मेलेला होता किंवा फिक्सर आधी गेला. नंबर आहेत पण फिक्कट आणि फोटोही फिक्कट, तर वरचा टँकचा हिशोब परत करा, स्टॉक पुरला का, टेम्परेचर काय होतं. आणि फिल्म दुधाळ दिसतेय तर घाबरू नका, फिक्सिंग कमी झालंय एवढंच, उजेडातच परत रीलवर चढवा, ताजा फिक्सर पाच मिनिटं, परत ५-१०-२० धुवा, साफ होते.